वाफसा गेल्यावर आलेले बियाणे

जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव, वीजबिल आणि पीकविमा हे तीन विषय असतातच. यावेळी त्यांच्या खाली चौथा विषय घातला आहे : ‘साथीच्या काळातील संशोधनाचे अनुदान व त्याचा हिशेब.’ तालुक्याच्या बैठकीत तो वाचून दाखवला तेव्हा एका म्हाताऱ्या पाईकाने चंची सोडता सोडता विचारले, “भाऊ, हे आपलं काम हाये का डाक्टर लोकाचं?”

प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

संशोधनाचा पैसा सरकारचा असतो असे आपण धरून चालतो. सरकारच्या वावरात पैसा पिकत नाही. १९२३ साली इंग्रज सरकारने कापसावर उपकर बसवणारा कायदा केला. गिरणीत जाणाऱ्या आणि बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक गाठीमागे सुरुवातीला चार आणे, नंतर दोन आणे. भरायचा गिरणीवाल्याने किंवा निर्यातदाराने. पण तो त्याने खरेदीच्या भावातून कापून घेतला नसेल असे मानण्याइतका भोळा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. त्या पैशावर मध्यवर्ती कापूस समिती चालली, कापसाच्या जाती निघाल्या, इंदूरची संस्था उभी राहिली. अल्बर्ट हॉवर्ड साहेबांनी कंपोस्ट खताची इंदूर पद्धत बसवली ती तिथेच. त्या समितीवर कापूस पिकवणाऱ्यांचे प्रतिनिधी बसत. किती बोलत आणि त्यांचे किती ऐकले जाई हा भाग वेगळा. पण पैसा कोणाचा, तो कशावर जातो आणि विचारणारा कोण, या तीन गोष्टी एका टेबलावर होत्या. १९६६ साली ती समिती गेली, संशोधन दिल्लीच्या परिषदेकडे गेले आणि विचारणारा खुर्चीवरून उठला.

पैसा आपला, म्हणून विषय आपला. आता साथीचे पाहू.

कोरडवाहू शेतकऱ्याला वाफसा काय असतो हे सांगावे लागत नाही. पाऊस पडून गेला, जमीन ना चिखल ना धूळ, अशी दोन-तीन दिवसांची वेळ येते. तेव्हा हातात बियाणे पाहिजे. सोसायटीचे कर्ज आठ दिवसांनी मंजूर झाले तर कागदावर ते कर्जच असते, पण सरकी काही उगवत नाही. संशोधनालाही असाच वाफसा असतो, आणि साथीच्या वेळी तो फार थोडा टिकतो. रोगी समोर असतो, रोगाचे जंतू हाती लागतात, लोक नमुने द्यायला तयार असतात. त्या दोन-चार महिन्यांत माणसे, यंत्रे आणि पैसा हाताशी नसेल, तर पुढे कितीही कोटी ओतले तरी ती वाफशानंतरचीच पेरणी.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला. सरकारने हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाला बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली दिली, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्या माणसाने तीन-साडेतीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ फेब्रुवारी १८९७ ला, सरकारने साथरोग कायदा केला. घरात घुसण्याचे, माणसे हलवण्याचे, प्रवासी अडवण्याचे अधिकार त्याने सरकारला दिले. पुण्यात रँड साहेबाच्या अंमलात त्या अधिकारांचे काय झाले आणि २२ जून १८९७ ला त्याची किंमत कोणी कशी वसूल केली, हे शाळेतले पोरही सांगेल. सरकारची तऱ्हा पाहा : दंडुक्याला कायदा तातडीने आणि लसीला एक खोली. हाफकिनना मोठी जागा मिळाली तीही आगाखानांनी आपला बंगला दिला तेव्हा. परळचा जुना लाटवाडा सरकारने दिला तो १८९९ साली, म्हणजे प्लेग येऊन तीन वर्षे होत आल्यावर.

त्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, ती लपवणार नाही. लसीची मागणी इतकी वाढली की लवकर आणि भरपूर माल निघावा म्हणून बनवण्याच्या रीतीत बदल केला गेला. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सगळा दोष हाफकिनच्या माथी मारून त्यांना कामावरून दूर केले. बाटली गावात उघडताना ती दूषित झाली असावी, प्रयोगशाळेचा दोष सिद्ध होत नाही, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. घाईच्या कामात नोंदी चोख ठेवाव्या लागतात त्या यासाठीच. कोणती बाटली, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून : हे लिहिलेले असले म्हणजे खरा दोषी सापडतो आणि निर्दोष माणूस सुटतो. हिशेब मागणे म्हणजे शास्त्रज्ञाचा पाय ओढणे, असे म्हणणारांनी मुलकोवाल आठवावे.

प्लेगने लाखो माणसे नेल्यावर सरकारला एक शहाणपण सुचले. १९११ साली पाच लाख रुपये घालून रोगांच्या संशोधनासाठी कायमचा निधी उभा केला. आजची भारतीय वैद्यक संशोधन परिषद ती हीच. १९४९ मध्ये तिचे नाव बदलले. साथ आली म्हणजे झोळी घेऊन फिरायचे नाही, बळद आधी भरून ठेवायचे, हा त्यामागचा विचार. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्वारीच्या पेवाबाबत हाच विचार केला होता. सुकाळात पेव भरतात, दुष्काळात उघडतात.

पण भरलेल्या पेवाकडे लक्ष नसले की घुशी लागतात. १९९४ साल इथल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. गोदावरीच्या पलीकडे बीड जिल्ह्यात मामला नावाचे गाव आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टात तिथे उंदीर मरू लागले, पिसवा झाल्या, मग माणसांना ताप आणि जांघेत गाठी. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीने लोक घरे सोडून बाहेर राहिले, साठवलेले धान्य ओस घरात पडून राहिले आणि उंदीर माजले, असे एक कारण तज्ज्ञांनी मांडले. पुढे सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग म्हणून हाहाकार उडाला. लाखो माणसे शहर सोडून पळाली, टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दुकानातून गायब झाल्या. परदेशांनी विमाने बंद केली, आपला माल नाकारला. देशभरात पन्नासावर माणसे दगावली.

आणि देशाचे शास्त्रज्ञ काय करत होते? भांडत होते. हा प्लेग की दुसरे काही, यावर. त्यांना दोष द्यायचा नाही. १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नव्हते. जे पीक तीस वर्षे पेरले नाही त्याचे बियाणे कोण जपतो? जंतू वाढवून ओळखणारे हात थोडे, तशा प्रयोगशाळा थोड्या, आणि नमुने जायचे दिल्लीला. मामल्याचा पाटील उंदीर मेले तेव्हाच समजला असेल की काहीतरी अवदसा आली. आमच्या आजीलाही उंदीर पडले की घर सोडायचे हे ठाऊक होते. दिल्लीला ते पक्के करायला आठवडे लागले. डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिने प्लेगच असल्याचे सांगितले, रोगांवर सतत पाळत ठेवण्याची गरज सांगितली. पाळत ठेवणे म्हणजे काही भूमिपूजन नव्हे, त्याची कोनशिला बसत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत पाळत ठेवण्याचा मोठा सरकारी प्रकल्प आला तो २००४ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी.

मग २०२० आले.

साथीच्या तारखा पाहा. २५ मार्चपासून देश बंद. त्यानंतर सहाच दिवसांनी मार्चअखेर. सोसायटीत नवे-जुने करणाऱ्या माणसाला मार्चअखेर म्हणजे काय ते चांगले कळते. संशोधन केंद्रांचेही तसेच असते. अनुदान हप्त्याने येते. मागचा हप्ता खर्च केल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही, आणि ३१ मार्चपर्यंत न खर्चलेला पैसा बहुधा परत जातो किंवा त्यासाठी नव्याने परवानगी मागत बसावे लागते. प्रमाणपत्रावर सही करणारा घरात कोंडलेला, यंत्र आणणारा ट्रक नाक्यावर अडलेला, अशा अवस्थेत कागद कसे पुरे व्हायचे? साथ तारीख पाहून येत नाही आणि आपला खजिना तारखेशिवाय हलत नाही. मुंबईच्या शासनाने ४ मे २०२० ला आदेश काढला : योजनांच्या पैशापैकी ३३ टक्केच मिळतील, आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्नपुरवठा, मदत-पुनर्वसन अशा खात्यांना अग्रक्रम. आरोग्याला पैसा दिला हे बरोबरच केले. पण एक करवत घेऊन सगळी झाडे सारख्याच उंचीवर कापली की कोणती फळाला आलेली होती ते कळत नाही. शेतीच्या प्रयोगाला जूनमध्ये पैसा नाही मिळाला तर तो ऑक्टोबरात करता येत नाही, त्या प्रयोगाचे वर्ष जाते. तुरीच्या एका जातीमागे सात-आठ वर्षे घालवणाऱ्या बदनापूरच्या केंद्राला किंवा कापसावर काम करणाऱ्या नांदेडच्या केंद्राला एक हंगाम चुकणे म्हणजे काय, हे मंत्रालयातल्या वित्त खात्याला कोण सांगणार?

त्या दिवसांत राज्याचे आरोग्यमंत्री आपल्याच जिल्ह्याचे, राजेश टोपे. तरीही सुरुवातीला आपल्याकडचे घशाचे नमुने आधी पुण्याला आणि मग तेव्हाच्या औरंगाबादला जात. मंत्री जिल्ह्यातला असला म्हणून प्रयोगशाळा रात्रीतून उभी राहत नाही. ती दहा वर्षे आधी बांधावी लागते आणि रोगी नसतानाही चालू ठेवावी लागते. गावात अहवालाची वाट पाहणाऱ्यांनी दिवस कसे काढले ते इथे पुन्हा उगाळत नाही.

शास्त्रज्ञांनी मात्र या वेळी कसूर केली नाही, हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू वेगळा केला. ९ मे २०२० रोजी वैद्यक संशोधन परिषदेने हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीशी हात मिळवला आणि ३ जानेवारी २०२१ ला कोव्हॅक्सिनला तातडीची परवानगी मिळाली. तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या, ज्यात २५,८०० माणसे होती, तोवर पुऱ्या झालेल्या नव्हत्या. त्यावर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

आता पैशाकडे पाहा. या लसीवर परिषदेने सुमारे ३५ कोटी रुपये खर्च केले आणि बदल्यात निव्वळ विक्रीवर ५ टक्के स्वामित्वधन ठरले. ३१ जानेवारी २०२२ पर्यंत परिषदेला सुमारे १७१ कोटी रुपये मिळाले. आपल्या भाषेत, पायलीचे बियाणे देऊन पाच पायल्या घरी आल्या. व्यवहार वाईट नाही. पण हे आकडे संसदेत प्रश्न विचारले गेले म्हणून बाहेर आले, कोणी आपणहून फळ्यावर लिहिले नाहीत. पुढे २०२४ मध्ये उघड झाले की कंपनीने पेटंटचा अर्ज करताना परिषदेचे नावच घातले नव्हते. बोभाटा झाल्यावर कंपनी म्हणाली, अनवधानाने राहिले, आता घालतो. सातबाऱ्यावर भावाचे नाव अनवधानाने राहिल्याची प्रकरणे आपल्याला नवी नाहीत.

इथे एक खुलासा. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने हीच लस राज्यांना ६०० रुपयांना देऊ केली, ओरड झाल्यावर ४०० केली. खासगी दवाखान्यांना १२०० आणि केंद्राला मात्र १५० रुपये. तेव्हा पुष्कळांनी कंपनीला लुटारू म्हटले. आपण तसे म्हणू नये. आयुष्यभर उत्पादन खर्चावर भाव मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या भावाला नाक मुरडणे शोभत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या मालाचे बियाणे सार्वजनिक, त्याचा करार सार्वजनिक पाहिजे. किती दिले, किती घ्यायचे, कोणत्या भावाला विकायचे, हे पैसा देतानाच लिहून, छापून, लोकांपुढे ठेवले पाहिजे. जालन्याच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवायला नको. बियाण्याच्या कंपन्या इथे १९६४ पासून आहेत, बीजोत्पादनाचे प्लॉट आपल्याच रानात होतात. नर-मादीच्या ओळी कोणाच्या, माल नापास झाला तर तोटा कोणाचा, हे करारात नसले की हंगामाअखेर काय होते ते आपण भोगलेले आहे.

दुसरा हिशेब आपल्या राज्याचा. जून २०२१ मध्ये जाहीर झाले की परळची हाफकिन बायोफार्मा ही सरकारी कंपनी कोव्हॅक्सिन बनवणार, वर्षाला २२.८ कोटी डोस. केंद्राचे ६५ कोटी आणि राज्याचे ९४ कोटी, मिळून १५९ कोटींचे काम. तोवर दुसरी लाट ओसरू लागली होती, आणि पुढच्या वर्षी लस घ्यायला माणसे मिळेनात. त्या ९४ कोटींपैकी निघाले किती, खर्ची पडले किती, त्यातून कोणती यंत्रे आली आणि ती आज कशाला वापरतात, हे जिल्हा बैठकीत विचारून पाहा. एक हात वर येणार नाही. ज्या हाफकिनने एका खोलीत तीन महिन्यांत लस केली त्याच्याच नावाच्या संस्थेला पैसा मिळाला तो वाफसा गेल्यावर. केंद्राने पंतप्रधानांच्या ‘पीएम केअर्स’ निधीतून लसीच्या संशोधनाला १०० कोटी जाहीर केले होते, १३ मे २०२० ला. तो निधी सरकारी नाही, म्हणून माहितीच्या अधिकाराखाली येत नाही, असे सरकारच न्यायालयात सांगते. देणगी मागताना पंतप्रधानांचे नाव आणि हिशेब मागताना खासगी विश्वस्त निधी!

माणसांचे इतके, तर जनावरांचे काय विचारता. लम्पी देशात पहिल्यांदा दिसला २०१९ मध्ये, ओडिशात. हिसारच्या शास्त्रज्ञांनी त्याच साथीतला विषाणू घेऊन लसीचे काम सुरू केले आणि १० ऑगस्ट २०२२ ला ती जाहीर झाली. पण जाहीर झालेली लस आणि गोठ्यात आलेली लस यांत अंतर असते. २०२२ च्या पावसाळ्यात आपल्या दावणीला बैल सुजून पडले तेव्हा टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. पुण्याच्या सरकारी संस्थेशी नव्या लसीच्या उत्पादनाचा करार झाला २९ डिसेंबर २०२२ ला. तीन वर्षे वेळ होता. यात आपलाही वाटा आहे. २०१९ ते २०२२ मध्ये लम्पीच्या संशोधनाला पैसा द्या म्हणून आपल्यापैकी कोणी एक निवेदन दिले? पोळ्याला बैल नसल्यावर आपण जागे झालो.

आणखी एक गोष्ट मनात सलते. माणसाच्या साथीत सरकारने परवानग्यांची दारे उघडली, रात्री बैठका घेतल्या. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला, त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. ती आणीबाणी नव्हती? बीटी-दोनला अळी दाद देत नाही हे गुजरातेत त्याआधीच दिसून आले होते. त्यावर दिल्लीत रात्री बैठक झाल्याचे कोणी ऐकले नाही. उलट नव्या वाणांच्या चाचण्यांना दर राज्याचे ना-हरकत पत्र लागते आणि ते वर्षानुवर्षे पडून राहते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी मनाई असलेले बियाणे उघडपणे पेरले ते या कोंडीला कंटाळूनच. मुंबईत खोकला आला की आणीबाणी आणि यवतमाळात फवारणीने मेले की निष्काळजीपणा, ही इंडियाची व्याख्या आपण किती दिवस मान्य करायची?

म्हणून बैठकीत पुढील मागण्यांचा ठराव मांडायचा आहे. साथीच्या संशोधनासाठी राज्याने सुकाळातच वेगळा निधी भरून ठेवावा, माणसांसाठी, जनावरांसाठी आणि पिकांसाठीही. साथ जाहीर झाल्या दिवसापासून त्या निधीला ३१ मार्चची अट लागू नये, प्रमाणपत्र सहा महिन्यांनी घ्यावे, पण नोंद मात्र रोजची असावी. ज्या कंपनीला सार्वजनिक पैसा किंवा विषाणू किंवा बियाणे दिले तिच्याशी झालेला करार मराठीत छापून प्रसिद्ध करावा. आणि ज्या गावातून नमुने घेतले त्या गावाला निकाल कळवावा. २०२० च्या मे-जूनमध्ये परिषदेने देशभर ७० जिल्ह्यांत रक्ताची तपासणी केली. आपल्या शेजारचे बीड आणि परभणी त्यात होते. बाधा झालेले शंभरात एकही नाही, ०.७३ टक्के, असा देशाचा आकडा आला. ज्याने दंड पुढे केला त्याच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर गावाचा आकडा लिहायला किती खडू लागला असता?

ठराव पाठवून उत्तर येत नाही हा आपला अनुभव आहे. तेव्हा ठरावासोबत २००५ च्या कायद्याखाली माहितीचा अर्जही द्यायचा, मंत्रालयात वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाला. विषय एकच ठेवा : हाफकिन बायोफार्माच्या कोव्हॅक्सिन प्रकल्पासाठी राज्याने मंजूर केलेल्या ९४ कोटी रुपयांचे वितरण, खर्च, शिल्लक आणि उपयोगिता प्रमाणपत्रांच्या प्रती. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे, पोच जपून ठेवायची आणि तीस दिवस मोजायचे. प्रत्येक तालुक्यातून निदान एक अर्ज जावा. भोकरदन, जाफ्राबाद, बदनापूर, जालना, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा मिळून आठ होतात. अर्जाचा नमुना बैठकीच्या दारात मिळेल. येताना तिकिटाचे दहा रुपये आणि आधारची झेरॉक्स नव्हे, पेन आणा. या अर्जाला आधार लागत नाही.